शेवटचा घोट कधी घेतला?

११ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी मी दुधाचे कॅन शीतकरण केंद्रावर उतरवले आणि नेहमीच्या ढाब्यावर थांबलो. एक क्वार्टर झाली, दुसरी मागवली. पिकअपची चावी खिशात आहे का ते चाचपलं, इथपर्यंत मला आठवतं. त्यानंतर एकदम पोलीस ठाण्यातलं लाकडी बाकडं. मधला दीडेक तास माझ्याजवळ नाही.

त्या दीड तासात कारखान्याच्या रस्त्यावर माझ्या गाडीखाली एक माणूस गेला. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला आलेला. गावातल्या गिरणीवरून दळण घेऊन पायी आपल्या कोपीकडे, म्हणजे पाचटाच्या झोपडीकडे, निघाला होता. ठाण्यात मला माझ्या शर्टावरचं रक्त दिसलं, ते समजलं. पँटवर मांडीपर्यंत पीठ का लागलंय ते समजेना. मी हवालदारांना ते दोनदा विचारलं. त्यांना वाटलं नाटक करतोय. "मला काही आठवत नाही" हे वाक्य मी त्या रात्री जितक्या वेळा बोललो तितक्या वेळा ते खरं होतं, आणि एकानेही ते खरं मानलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही मानलं नसतं.

रक्ताचा अहवाल नंतर आला. गाडी चालवताना १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा होतो. माझ्यात १८७ सापडली होती.

पोलीस कोठडीतला पहिला दिवस हातापायांच्या कापऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी पाणीसुद्धा पोटात ठरेना. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांची रांग निघाली. बोटभर मुंग्या. मी चादर झटकत होतो, आईला हाका मारत होतो, म्हशी सुटल्यात म्हणून गजांवर हात आपटत होतो. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. कोठडीतल्या दुसऱ्या आरोपीने आरडाओरडा केला म्हणून मला सिव्हिलला हलवलं. तिथे पोचता पोचता आकडी आली, असं नंतर कळलं.

सिव्हिलच्या तरुण डॉक्टरीण बाईंनी शुद्धीवर आल्यावर मला पहिलं काय विचारलं, ते मी आजवर शेकडो जणांना विचारलंय. "शेवटचा घोट कधी घेतला?" त्यांनी बोटांवर तास मोजले. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान माणूस भ्रमात जातो, त्यात मरूही शकतो, असं त्यांनी मला आणि माझ्या पायाशी बसलेल्या पोलिसाला सांगितलं. झोपेची औषधं, सलाइन, बी-वनची इंजेक्शनं. पाचव्या दिवशी मी भिंतीकडे पाहिलं तेव्हा ती नुसती भिंत होती.

तिथून न्यायालयीन कोठडी, म्हणजे जिल्ह्याचं कारागृह. नव्या बंद्यांच्या बराकीत पहिल्याच रात्री माझ्या शेजारच्या घोंगडीवरचा माणूस थरथरत होता. घामाने भिजलेला. लोक म्हणत होते, कोर्टाची धास्ती घेतलीय. मी त्याला विचारलं, "शेवटचा घोट कधी घेतला?" तो म्हणाला, "परवा सकाळी." मी उठून दारावर थाळी वाजवली. जेलपोलीस शिव्या देत आला, पण कंपाउंडरला घेऊन आला. पुढच्या वर्षभरात त्या बराकीत असे किती आले, मी मोजलं नाही. दाखल करून घेताना अंगावरच्या खुणा लिहितात, अंगठी, करदोडा, चप्पल लिहितात. हा एक प्रश्नही त्याच कागदावर असायला हवा, आणि तो पोलीस ठाण्यातच विचारला जायला हवा. मी हे आजही जिथे जाईन तिथे बोलतो.

जेलमध्ये दारू नाही, म्हणून लोकांना वाटतं माणूस सुटला. मलाही तसंच वाटलं. महिन्याभरात जेवण जाऊ लागलं, गाल भरले. मुलाखतीला आलेली बायको जाळीतून बघून म्हणाली, "बरं दिसताय." त्यात आनंद नव्हता. अकरा वर्षांत तिने मला बरा असा फार थोडा पाहिला होता, आणि पाहिला तो इथे.

बराकीचा एक शिरस्ता असतो. कुणी काही केलेलं नसतं. सगळे अडकवलेले असतात. नवा माणूस पहिल्या आठवड्यातच आपली गोष्ट बसवून घेतो आणि सांगून सांगून तीच खरी वाटायला लागते. माझीही बसली: रस्त्यावर दिवे नव्हते, तो माणूस मधून चालत होता, गाडीचा ब्रेक लागला नाही. वकिलांनी त्यात भर घातली. "आठवत नाही यावरच ठाम राहायचं." मग म्हणाले, "साक्षीदार सगळे ऊसतोडीच्या टोळीतले. पट्टा पडला, हंगाम संपला की गावी जातील. तारखेला बीडहून कोण येतंय?" त्या वेळी मला हे ऐकून हायसं वाटलं होतं. हे लिहायला जड जातंय, पण हायसं वाटलं होतं.

२०२० च्या जानेवारीत एका शनिवारी सुभेदारांनी आवाज दिला, "दारूवाले कोण कोण, चला." चौघे बाहेरून आले होते. साधे कपडे, फोन गेटवर जमा केलेले. सतरंजीवर आमच्यातच बसले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची मीटिंग, म्हणाले, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकत्र बसून बोलायची. त्यातल्या थोराड काकांनी आधी स्वतः काय करणार नाहीत ते सांगून टाकलं. जामिनासाठी शब्द टाकणार नाही. कोर्टाला चिठ्ठी देणार नाही. घरचा निरोप आणणार नाही, नेणार नाही. पैसे घेणार नाही, देणार नाही. कुठलं कलम आहे ते विचारणार नाही. हे ऐकून सहा-सात जण तिथल्या तिथे उठून गेले. मी बसून राहिलो, कारण बराकीपेक्षा तिथे ऊन बरं होतं.

मग ते काका आपलं नाव सांगून म्हणाले, "मी अल्कोहोलिक आहे." आणि बोलायला लागले. पगाराच्या दिवशी बायकोने मुलाला कारखान्याच्या गेटवर उभं केलेलं असायचं, पैसे घ्यायला. ते मागच्या भिंतीवरून उडी टाकून गुत्त्यावर जायचे. तो मुलगा अंधार पडेपर्यंत गेटवर उभा. हे सांगताना त्यांनी कुणावर काही ढकललं नाही. बायको कटकटी होती म्हणाले नाहीत, मित्र वाईट होते म्हणाले नाहीत. सहा आठवड्यांत प्रथमच मी एका माणसाच्या तोंडून "मी केलं" असं ऐकत होतो.

दुसरे एक जण पुण्याला येरवड्याच्या मुक्तांगणमध्ये राहून आलेले होते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. ते म्हणाले, "तिथून बाहेर पडल्यावर मला कळलं की औषधाने अंगातली दारू गेली. डोक्यातली घालवायला मला दर आठवड्याला बसायला लागतं." तिसऱ्यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावाची गोष्ट सांगितली. १९३५ साली शेअरबाजारातला एक दारुडा आणि एक दारुडा डॉक्टर समोरासमोर बसून बोलले, तिथून हे सगळं निघालं. "दोघं असले तरी मीटिंग होते," ते म्हणाले. हे वाक्य पुढे आम्हाला फार उपयोगी पडलं.

मी तिसऱ्या शनिवारी बोललो. नाव सांगितलं. "अल्कोहोलिक" हा शब्द घशात अडकला, तेव्हा काका म्हणाले, "दारूचं बोल. केसचं बोलायला इथे कुणी सांगत नाही, आणि बोलूही नकोस." ते बरोबर होतं. मीटिंगमधलं बाहेर जात नाही हा आपसातला शब्द असतो, कायद्याचं संरक्षण नसतं. शेजारी बसलेला उद्या साक्षीदार होऊ शकतो. म्हणून मी मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचं बोललो. केक आणायला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी परतलो. हे मी आधी कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही, पण सांगताना नेहमी हसत सांगितलं होतं, पराक्रम सांगावा तसं. त्या दिवशी कुणी हसलं नाही, आणि मलाही हसू आलं नाही.

आमच्यात मिरजेकडचा एक पोरगा येऊन बसायचा. वय बावीस. दारूचा नव्हे, गर्दचा. कलम सत्तावीस, सेवन. काकांनी त्याला बसू दिलं, फक्त बोलताना तो ऐकायचा जास्त. त्याच्या वकिलाने की कुणी त्याला कधी सांगितलंच नव्हतं की अमली पदार्थांच्या कायद्यात चौसष्ट-अ म्हणून कलम आहे. थोड्या मालासकट सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, उपचार पुरा केला पाहिजे एवढीच अट. कायदा १९८५ चा. पोराला ते कळलं २०२० च्या फेब्रुवारीत, सतरंजीवर बसून. अर्ज लिहायला घेतला तोवर मार्च उजाडला.

मार्चमध्ये कोरोना आला. मुलाखती बंद, कोर्ट बंद, बाहेरचं माणूस बंद. शनिवारी कुणी येईना. दोन शनिवार असेच गेले. तिसऱ्या शनिवारी बराकीतले एक निवृत्त मास्तर पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसले आणि मला म्हणाले, "दोघं पुरेत ना?" त्या दिवशी आम्ही चौघे झालो. पुस्तक नव्हतं. दारूतून बाहेर पडायच्या या मीटिंगच्या बारा पायऱ्या ज्याला जेवढ्या आठवत होत्या तेवढ्या मास्तरांनी वहीच्या पानावर उतरवल्या. आठवी-नववी कुणालाच नीट सांगता येईना. पुढे कळलं की त्याच अवघड असतात: ज्यांना ज्यांना त्रास दिला त्यांची यादी करायची, आणि भरपाई करायची, त्यांना किंवा दुसऱ्या कुणाला आणखी इजा होणार असेल तेवढं सोडून.

सात वर्षांपर्यंतच्या कलमांतल्या कच्च्या कैद्यांना तेव्हा तात्पुरत्या जामिनावर सोडत होते. माझं तीनशे चार भाग दोन, सदोष मनुष्यवधाचं, दहा वर्षांपर्यंतचं, त्यामुळे मी त्यात नव्हतो. मिरजेचा पोरगा सुटला. जाताना सगळ्यांच्या पाया पडला. आठवड्याच्या आत गेला. त्याच्या गल्लीतला एक जण पुढे आत आला, त्याने सांगितलं. चार महिने अंगाची सवय तुटलेली, आणि त्याने घेतलं ते जुन्या मापाने. सुटून येणाऱ्यासाठी पहिले पंधरा दिवस सगळ्यांत घातक, हे आता मला पाठ आहे. तेव्हा आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, नाहीतर गेटवर त्याला तेवढं एक तरी सांगितलं असतं. त्या शनिवारी मास्तरांनी त्याच्या जागेवर त्याची थाळी ठेवली. कुणी बोललं नाही. तास संपल्यावर उठलो.

मग ४ मे आली. टाळेबंदीत दारूची दुकानं त्या दिवशी उघडायला परवानगी मिळाली होती. बराकीच्या टीव्हीवर बातम्या लागल्या आणि रांगा दिसायला लागल्या. मैलभर लांब. उन्हात, तोंडाला रुमाल बांधून उभी माणसं. कुणी हसत पिशवी वर करून दाखवत होता. बराकीत साठ-सत्तर जण होते, आणि एकदम शांतता झाली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. खरोखरचं पाणी. क्वार्टरचं बूच फिरवताना होणारा आवाज मला कानात ऐकू आला. पाच महिने थेंब नाही, तब्येत सुधारलेली, एक माणूस मारून आत बसलेला मी, आणि अंग त्या रांगेत जाऊन उभं राहिलं होतं.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मी सरकत त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "मास्तर, मी आत्ता बाहेर असतो तर रांगेत असतो." ते म्हणाले, "मीही." तेवढीच त्या दिवसाची मीटिंग. पण मी अल्कोहोलिक आहे हे मला तेव्हा पटलं. त्याआधी तीन महिने मी ते नुसतं म्हणत होतो.

त्यानंतर मी चौथी पायरी लिहायला घेतली. स्वतःचा झाडा, सगळा. कँटीनमधून दोनशे पानी वही घेतली. लिहिता लिहिता ११ डिसेंबरला आलो की पेन थांबायचं. वकिलांकडून दोषारोपपत्राची प्रत मागवली होती, ती वाचायचं मी टाळत होतो. एका रात्री काढली. टोळीतल्या एका मजुराचा जबाब होता: गाडीचा चालक खाली उतरून रस्त्यावर बसला होता, जखमीचं डोकं त्याने मांडीवर घेतलं होतं, सभोवती पीठ सांडलं होतं, जखमी चालकाशी काहीतरी बोलत होता, आम्ही पळत पोचलो तोवर गप्प झाला.

पीठ. मी किती वेळ तो कागद धरून बसलो सांगता येणार नाही. तो माणूस माझ्याशी बोलला होता. त्या वेळी त्याच्याजवळ दुसरं कुणीही नव्हतं.

कारागृहाच्या डॉक्टरसाहेबांना मी विचारलं की हे परत आठवेल का. दारू सुटली, डोकं साफ झालं, ध्यान केलं, तर? ते चांगले गृहस्थ होते, खोटी आशा त्यांनी दिली नाही. म्हणाले, एवढ्या दारूत मेंदू आठवण साठवतच नाही. माणूस चालतो, बोलतो, गाडी चालवतो, पण आत काही लिहिलं जात नाही. जे लिहिलंच नाही ते वाचायचं कुठून?

पाचवी पायरी म्हणजे लिहिलेलं दुसऱ्या माणसाला सांगायचं. मी मास्तरांना सांगितलं, केससकट. धोका माहीत होता. रात्री बंदी झाल्यावर सुरू केलं, पहाटेची गिनती आली तेव्हा संपलं. मास्तरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी फक्त विचारलं, "त्या लोकांना तारखेला यायला लागेल तेव्हा त्यांची मजुरी कोण देणार?"

२०२१ च्या फेब्रुवारीत आरोप निश्चित झाले, तेव्हा वकिलांच्या सांगण्यावरून मी "गुन्हा कबूल नाही" म्हणालो. बराकीत परतलो आणि जेवलो नाही. शनिवारी बोललोही नाही. महिन्याभराने कारागृहातून न्यायाधीशांना अर्ज लिहिला. वकील रागावले, आणि त्यांचा राग माझ्या काळजीपोटीच होता. त्यांनी मुंबईच्या कार्टर रोडच्या खटल्याचं सांगितलं. २००६ साली दारू पिऊन चालवलेली गाडी फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर गेली, सात जण मेले, त्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा कायम केली. "तुलाही तेवढी बसेलच. लढलास तर कदाचित सुटशील." बायको मुलाखतीला आली, ती जास्त अवघड होती. "मुलीला मी काय सांगू? तुम्ही स्वतःहून आत राहिलात?" मला उत्तर देता आलं नाही. तिचं चुकत नव्हतं. माझी भरपाई मी तिच्या पदरातून करत होतो.

न्यायाधीशांनी तीनदा विचारलं. कुणाचा दबाव आहे का, परिणाम माहीत आहेत का. विचार करायला आठ दिवस दिले. आठ दिवसांनी मी पुन्हा "कबूल आहे" म्हणालो. साडेतीन वर्षं सक्तमजुरी, आणि पन्नास हजार मयताच्या पत्नीला. बायकोने दोन म्हशी विकून ते भरले. दुसऱ्या आरोपीने माझ्यासारखं करावं असं मी म्हणत नाही. काही लोक जेलमध्ये खरंच न केलेल्याचं भोगत असतात, त्यांनी लढलंच पाहिजे.

पुढे मध्यवर्ती कारागृह, सतरंज्यांचा विभाग, मोठी मीटिंग, पुन्हा बाहेरचे लोक यायला लागले. ते दिवस सरळ गेले. कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेत धरले गेले, माफीचे दिवस वजा झाले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात मी सुटलो.

गेटवर काका उभे होते. मिरजेच्या पोरासाठी कुणी नव्हतं, ते माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी आधीच पत्र लिहून विचारलं होतं. ते मला एसटी स्टँडवर घेऊन गेले. स्टँडसमोर तीन बार होते. ते बोलत राहिले, बस लागेपर्यंत, पावसाचं, भातकापणीचं. संध्याकाळी गावाजवळच्या शहरातली मीटिंग मला दाखवून मग घरी गेले. पहिले पंधरा दिवस मी रोज तिथे गेलो, सायकलवर, जाऊन-येऊन अठरा किलोमीटर. बायको दारात उभी राहून बघायची. बोलायची नाही. दुसऱ्या महिन्यात एकदा म्हणाली, "उशीर झाला आज, डबा देऊ का?"

नववी पायरी उरली होती. टोळीच्या मुकादमाकडून कळलं ते असं: नवरा-बायकोच्या कोयत्यावर, म्हणजे जोडीच्या तोडणीवर, नव्वद हजार उचल, आगाऊ मजुरी, घेतलेली होती. नवरा गेला, उचल राहिली. ती त्याची बायको पुढच्या दोन हंगामांत भावाबरोबर कोयता लावून फेडत होती. कोर्टाचे पन्नास हजार त्यातच गेले होते, वरचे फिटत आले नव्हते. मी गॅरेजमध्ये कामाला लागलो होतो. काकांनी बजावलं, स्वतः जायचं नाही, तिला हवं असेल तरच. मी मुकादमामार्फत दर महिन्याला थोडे थोडे भरले. वर्षभरात उचल फिटली. माझं तोंड दाखवायचं मी मनातून काढून टाकलं होतं.

२०२४ च्या जानेवारीत तिनेच निरोप धाडला. टोळी आमच्याच कारखान्याला आली होती. मुकादम बरोबर होता, काकाही होते. संध्याकाळची वेळ, कोपीपुढे चूल पेटलेली, मोठी मुलगी भाकरी थापत होती. मी काय म्हणून हाक मारावी ते कळेना. ताई म्हणायचा मला हक्क नव्हता. मी हात जोडून उभा राहिलो आणि जे वर्षानुवर्षं घोकलं होतं ते बोललो. मी दारू प्यायलो होतो. तुमच्या माणसाची काही चूक नव्हती. मी मारलं.

ती ऐकत होती. रडली नाही. मुलीला म्हणाली, जाळ कमी कर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "लोक सांगतात ते तुमच्याशी बोलत व्हते. काय बोलले वो?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही."